सेवेसाठीं अंतःकरणाची तयारी

ताडकळसहून गंगाखेड फार लांब नाहीं. गोदातीरावरील हें गांव संत जनाबाईची जन्मभूमि मानलें जातें. नामदेवांच्या घरीं दळणकांडण करीत जिनें विठ्ठलाची सेवा केली, तिचें नांव या भागांत पिढ्यान्‌पिढ्या जात्याच्या घरघरीबरोबर ऐकूं येत असे. त्यामुळें देवाची सेवा ही फुरसतीच्या वेळेची गोष्ट नसून हातांतील कामच सेवा होऊं शकतें, हें परभणीकडील माणसास निराळें शिकवावें लागत नाहीं. ख्रिस्ती माणसापुढें हाच प्रश्न उभा राहतो तेव्हां त्यांत एक अडचण अधिक असते. बाप्तिस्मा एका दिवसांत होतो. परंतु त्या दिवशीं ज्याला धनी म्हटलें त्याची चाकरी करण्यास मन केव्हां तयार होतें? या प्रश्नाचें उत्तर पाहावयाचें तर नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसाराकडे वळावें लागतें.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोंकणांतील करजगांवचा. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें संभाषण झालें, व निरोप घेतांना त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. टिळक ती वाचूं लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन थबकले. शत्रूवर प्रीति करा, उद्यांची चिंता करूं नका, ही शिकवण त्यांना सोडवेना. पुढें दोन वर्षें मनांत घालमेल चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मराठी संतांना मात्र त्यांनीं मागें टाकलें नाहीं. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशीं पोहोंचलों, असें ते सांगत.

लूकच्या शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे : बुरूज बांधणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा. टिळकांसारख्या उतावळ्या, कविमनाच्या माणसाकडून असा हिशेब होणें कठीणच होतें, आणि त्या निर्णयाची पहिली किंमत त्यांनीं नव्हे, त्यांच्या पत्नीनें मोजली. लक्ष्मीबाईंना जणूं नवरा जिवंत असतां वैधव्य आलें. जवळजवळ पांच वर्षें त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. त्या काळाची हकीकत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत अशा निर्मळ विनोदानें सांगितली आहे कीं, वाचक हंसतां हंसतां गंभीर होतो. टिळकांचा धर्मनिष्ठ निर्णय थोर खरा, पण ज्यांना विचारलेंच नाहीं त्यांच्यावर त्याचा भार पडला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पुढें त्या मुलाला घेऊन पतीकडे परतल्या, त्या आपलें सोंवळें घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. टिळकांनींही आग्रह धरला नाहीं. इतर जातींच्या माणसांत वावरतां वावरतां लक्ष्मीबाईंना आपल्याशींच विचार पडला कीं, हे भेद देवानें केले कीं माणसानें? एकदां उत्तर मिळालें तेव्हां त्यांनीं शिवाशिवीचे नियम सोडून दिले, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. शाळेंत तोंडपाठ झालेलें व अंगीं उतरलेलें यांत जें अंतर असतें, तेंच येथें दिसतें. टिळकांना पुस्तकानें जिंकलें. लक्ष्मीबाईंचें मन स्वयंपाकघरांत तयार झालें, आणि म्हणूनच कदाचित् तें अधिक पक्कें तयार झालें.

टिळकांची तयारी मात्र अद्याप अपुरी होती, आणि तें त्यांना स्वतःलाच कळत होतें. अमेरिकन मराठी मिशनमध्यें त्यांनीं नगरास अध्यापन केलें, उपदेश केला, १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादनही त्यांच्याकडे आलें. ख्रिस्ती मंडळ्यांना गातां येतील अशीं शेंकडों गीतें व अभंग त्यांनीं रचले, कीर्तनाची जुनी वाट ख्रिस्ती उपासनेस मोकळी करून दिली. बाहेरून पाहणारास हें आयुष्य हेतुपूर्ण व सफल वाटावें. पण या सर्वांच्या मुळाशीं मिशनचा पगार होता. परकी पैशावर पोसलेला ख्रिस्ती उपदेशक पोटासाठीं बाटला, असें लोक म्हणत. ही निंदा बहुधा अन्यायाची असे. तरीपण प्रश्न केवळ लोकांच्या बोलण्याचा नव्हता. सेवेची आज्ञा देवाची आणि वेतन दुसऱ्याचें, अशा स्थितींत माणूस नेमका कोणाचा चाकर राहतो, ही शंका टिळकांचें मन कुरतडीत होती.

अखेर १९१७ सालीं, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ज्या वयांत नोकरदार माणूस पेन्शनची वाट पाहतो, त्या वयांत हें धाडस! हा संन्यास घरदार टाकून रानांत जाण्याचा नव्हता. उद्यांच्या भाकरीची हमी तेवढी त्यांनीं टाकली होती. दरबारांत बाप्तिस्मा झालेल्यांप्रमाणेंच बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. आगगाडींत मिळालेल्या पुस्तकांतील ‘चिंता करूं नका’ हें वाक्य इतक्या वर्षांनीं आचरणांत आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मिशनशीं त्यांनीं वैर धरलें नाहीं. परदेशी मित्रांचे उपकार ते मानीत. फक्त हिंदी ख्रिस्ती माणसानें आपल्या पायांवर उभें राहून ख्रिस्ताची सेवा करावी, एवढें त्यांना हवें होतें.

दरबार नीट आकारास येण्यापूर्वींच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेनुसार देहाचें दहन करण्यांत आलें. ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करण्यासाठीं हातीं घेतलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागें अपुरें राहिलें. आरंभींचे थोडेच अध्याय झाले होते. शाळेचें तोंडही फारसें न पाहिलेल्या लक्ष्मीबाई पुढें तें लिहावयास बसल्या. १९३६ सालीं त्या वारल्या, तोंवर त्यांच्या हातून चौसष्ट अध्याय लिहून झाले होते.