संगणकावरचा भार रेघेत कसा दिसतो?

बैल दमला की त्याच्या तोंडाला फेस येतो. पिठाच्या गिरणीवर भार पडला की तिचा आवाज बदलतो. संगणक मात्र गप्प असतो. फार तर त्याचा पंखा जोरात फिरतो. म्हणून त्याच्यावर किती काम पडलं आहे ते पडद्यावरच रेघ काढून दाखवतात. या रेघेला आलेख म्हणतात.

माझा मामा लालबागला राहतो आणि गिरगावात एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका जुळवतो. मे महिन्यात मी त्याच्याकडे गेले होते. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट कायम उघडी असते. तिच्यात एक रेघ वरखाली होत डावीकडे सरकत जाते. उजवं टोक म्हणजे आत्ता, डावं टोक म्हणजे एक मिनिटापूर्वी. तळाला शून्य, वर शंभर. मामाने मोठं चित्र उघडलं की रेघ डोंगरासारखी चढते. गिऱ्हाईक विचारतं, "अहो, अडकलं का?" मामा रेघ बघतो आणि म्हणतो, "काम चालू आहे, बसा दोन मिनिटं." रेघ तळाशी असून काम पुढे सरकत नसेल, तर मात्र घोटाळा दुसरीकडे असतो.

भार म्हणजे काय ते मला लालबागच्या मसाला गल्लीत कळलं. मामीबरोबर मिरच्या कुटायला गेले होते. तिथे डंक असतात, म्हणजे यंत्रावर चालणारी लोखंडी मुसळं. काय तो आवाज, आणि काय ते शिंकणं! समजा चार डंक आहेत. चार बायांचा मसाला कुटला जातोय आणि मागे कोणी नाही, तर भार चार. आणखी चार बाया पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या की भार आठ. डंकांचा वेग तोच, पण शेवटच्या बाईला उशीर होणारच. संगणकात प्रोसेसर काम करतो. त्याचे कोअर म्हणजे हे डंक आणि आपण सांगितलेली कामं म्हणजे या बाया.

लिनक्स नावाच्या प्रणालीत हा भार तीन आकड्यांनी सांगतात. गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची ती सरासरी असते. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी आत्ताच झाली आहे. उलट असेल तर ती ओसरते आहे. मामाच्या रेघेत रांग दिसत नाही. सगळे डंक चालू झाले की रेघ शंभराला टेकते, मग मागे एक बाई असो की वीस. मला तीन आकडेच जास्त आवडले.

मामाची चौकट टास्क मॅनेजरची आहे. तो विंडोज एनटी ४.० मध्ये १९९६ साली आला. पण पडद्यावर आलेख काढणं त्याहून जुनं आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्या देशात बनवलेला टिफ्रॅक नावाचा मोठा संगणक सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिलं. त्याला आकडे आणि आलेख दाखवणारा पडदा जोडला होता.

आता आपल्या शाळेच्या संगणकाचं सांगते. तो लई हळू चालतो. काही पालक म्हणतात, मोडीत काढा आणि लोकवर्गणी काढून नवा घ्या. मी गुरुजींना विचारून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. प्रोसेसरची रेघ १५ च्या आसपास, म्हणजे डंक जवळजवळ रिकामे! पण मेमरीची रेघ ९५ वर सपाट आणि डिस्क १०० वर.

गुरुजी म्हणाले, "मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. ओटा भरला की भांडी माळ्यावर ठेवावी लागतात, लागली की परत खाली काढावी लागतात. सगळा वेळ चढण्या-उतरण्यात जातो." मग आम्ही उगीच उघडे राहिलेले पाच प्रोग्रॅम बंद केले. मेमरीची रेघ ७० वर आली आणि धड्याचा व्हिडिओ न अडकता चालला.

आपल्या संगणकात ४ जीबी मेमरीची एकच पट्टी आहे. गुरुजींनी झाकण उघडून दाखवलं, शेजारी दुसऱ्या पट्टीची खाच रिकामी आहे. वर्गणीचा विषय पालक सभेत येणार आहे. त्या दिवशी वीज असली तर तीन बटणं दाबून रेघा सगळ्यांना दाखवू. नसली तर मी काढलेला आलेख शेजारी लावला आहे. निळी रेघ प्रोसेसरची, तांबडी मेमरीची आणि हिरवी डिस्कची.