सोलो ट्रिप, दिदी आणि दादालोक!

एकटीने कोलकाता बघायचंय? मग आधी माणसं ओळखायला शिका!

चार मैत्रिणींच्या रजा जुळेपर्यंत वर्ष संपतं. त्यापेक्षा सॅक उचला आणि निघा! घरून प्रश्न ठरलेला, 'एकटी? अनोळखी शहरात?' चार दिवस कोलकात्यात एकटीने भटकून आल्यावर माझं उत्तर तयार आहे. माणसं तिथे दोन्ही प्रकारची भेटतात. कोण कुठे भेटतं हे कळलं, की अर्धं टेन्शन खल्लास!

आधी वैताग. स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याने मीटरचं नावच काढलं नाही, भाडं थेट तिप्पट. बाजाराच्या तोंडाशी एक 'गाइड' चिकटला, 'दिदी, फक्त बघा' म्हणत दोन दुकानं मागे मागे आला. एका देवळात 'झटपट दर्शन'वाल्याने चार आकडी दक्षिणा सांगितली.

आता दुसरी बाजू. मूर्तिकारांच्या कुमारटुलीचा पत्ता एकाला विचारला, तर तिघं जमले. दोघांचं 'डान दिके की बां दिके' यावर भांडण जुंपलं, तिसरा हातातला चहा ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला! मेट्रोत शेजारच्या माशीमांनी कुठल्या गेटने बाहेर पडायचं ते समजावलं. (१९८४ साली सुरू झालेली ही देशातली पहिली मेट्रो. २०२४ पासून ती हुगळी नदीखालूनही धावते. नक्की बसा!)

काही अनुभव मात्र मधलेच. बसमधून उतरताना कंडक्टर ओरडतो, 'आस्ते लेडीज!' म्हणजे बाई उतरतेय, गाडी हळू घे. एकदम ऑकवर्ड! पण बस खरंच नीट थांबते. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये टेबल शेअर करणाऱ्या काकांनी सत्यजित राय यांच्या सिनेमांवर तासभर मस्त गप्पा मारल्या. त्याआधी लग्न झालंय का आणि पगार किती, हेही विचारून घेतलं!

फंडा सिंपल आहे. टुरिस्टची वाट बघत उभा असलेला माणूस गिऱ्हाईक शोधत असतो. स्वतःच्या कामाला निघालेला माणूस रस्ता सांगून पुढे जातो. म्हणून मदत हवी असेल तेव्हा कोणाला विचारायचं, ते तुम्ही निवडा. सगळ्यांवरच संशय घेतलात, तर टॅक्सीवाला टळेल, पण चहा सोडून येणारे दादाही हुकतील.

सोलो फंडे

• नको असेल तर हसून 'लागबे ना' म्हणा. थांबू नका, चालत राहा.
• टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा किंवा ॲपवरून गाडी मागवा.
• पत्ता दोघांना विचारा. उत्तर जुळलं, तरच निघा.
• हॉटेलचं नाव, रूम नंबर कोणालाही सांगू नका. गप्पा कितीही रंगल्या तरी!
• लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवा. ११२ नंबर लक्षात ठेवा.