माल उडेल, पण घराचे काय?

संध्याकाळी गुलमंडीवर चहा घेताना वर्तमानपत्र हातोहात फिरते. चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी वाढणार, मोठी मालवाहू विमाने उतरणार, अशी बातमी आली की व्यापारी मंडळी खूश होतात. ते साहजिकच आहे. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांतला माल ट्रकने मुंबई गाठतो. तो येथूनच उडाला तर कोणाला नको आहे? आमचाही विमानाला विरोध नाही. पण हीच बातमी मुकुंदवाडीत वाचली जाते तेव्हा घरातली पत्र्याची पेटी उघडली जाते आणि कागद शोधले जातात.

धावपट्टी ९,३०० फुटांवरून १२,००० फुटांपर्यंत न्यायची तर चिकलठाणा, मुकुंदवाडी व मुर्तजापूर शिवारातील सुमारे १३९ एकर जागा लागते. त्यात शेती आहे तशी गुंठेवारीची घरेही आहेत. कंपनीत पाळ्या करून, भिशी उचलून, बायकोचे डोरले मोडून घेतलेला गुंठा-दीड गुंठा. व्यवहार बाँडपेपरवर. सातबारावर नाव अजून मूळ मालकाचेच! मोबदल्याची फाईल मात्र सातबारा बघून चालते. आम्ही स्वतः कारकून आहोत, म्हणून सांगतो, फाईलला घर दिसत नाही, नोंद दिसते.

असा प्रसंग आपल्यावरच आलेला नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर १९४९ पासून कितीतरी वर्षे मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमाने जमत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटे परतत. त्याच जागेला पुन्हा मालवाहतुकीचे केंद्र करण्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी निघाली. प्रकल्पाचे नाव मिहान. मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी शिवणगावकरांना पुढे वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली.

विरोध करणाऱ्यांना 'विकासाचे शत्रू' म्हणणे सोपे आहे. त्यांचे प्रश्न कोणी ऐकतो का? घराच्या बदल्यात घर कुठे मिळणार? तेथून कंपनीची बस धरता येईल का? मुलांची शाळा? आणि जे कुंपणालगत उरतील, त्यांच्या डोक्यावरून रात्री-अपरात्री विमाने गेली तर रात्रपाळी करून आलेल्याने झोपायचे केव्हा?

आता कामाची गोष्ट. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते व सुनावणी मागता येते. शहरी भागात संपादनापूर्वी तीन वर्षे वा अधिक त्या जागेवर राहणारे कुटुंबही 'बाधित कुटुंब' ठरते, मग सातबारावर नाव असो वा नसो. विधवा, घटस्फोटित व टाकलेली स्त्री हे वेगळे कुटुंब मानावे, असेही कायदाच सांगतो. हे आपल्या वस्तीत फार थोड्यांना ठाऊक आहे. सासऱ्याच्या नावच्या घरात राहणाऱ्या विधवा सुनेने दिराच्या अर्जावर विसंबू नये. स्वतःचा अर्ज द्यावा.

गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली. पण शुल्क भरण्याची ऐपत नसल्याने कित्येकांच्या फायली झाल्याच नाहीत.

तेव्हा बाँडपेपर, कराच्या पावत्या, लाईट बिल, रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, मुलांच्या शाळेचे दाखले असे सारे एका पिशवीत ठेवा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा. अर्ज दिला की आवकचा शिक्का व तारीख आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. 'उद्या या' म्हटले, तरी नाही.