मुखपट्टीचे माप

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरून जेथे सपाटीला लागतो, त्या फर्दापुरास आजवर जो काही लौकिक लाभला तो शेजारच्या लेण्यांच्या पुण्याईने. मोगलकालीन सराईचे हे गाव. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेल्या लेडी हेरिंगहॅम आणि त्यांचे सहकारी तरुण चित्रकार, ज्यांत नंदलाल बोसही होते, येथेच तळ देऊन राहिले होते. हल्ली प्रवाशांची वाहने गावाच्या तिठ्यावर अडवण्यात येतात आणि लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटरचे अंतर कमी धूर सोडणाऱ्या बसगाड्यांतून काटावे लागते, कारण दीड हजार वर्षांच्या त्या रंगांना धुराची बाधा होऊ नये अशी सरकारची इच्छा आहे. तजवीज उत्तम आहे, आणि तिच्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्याच परिसरातील काळ्या रानांत, भाद्रपद-आश्विनाच्या उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन कपाशीवर औषध फवारणाऱ्या माणसाच्या नाकातोंडावर पाहावे तर बहुधा एक रुमाल असतो, आणि पुष्कळदा तोही घामाने भिजून गळ्यात उतरलेला असतो.

या रुमालाचा दोष केवळ तो पातळ आहे हा नव्हे. श्वास रोखणाऱ्या विषापासून माणसाचे रक्षण करण्याची विद्या आता दीडशेहून अधिक वर्षांची झाली, आणि तिच्या आरंभी जो पदार्थ कामी आला तो ह्याच रानात पिकतो. ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक जॉन टिंडल याने १८७१ च्या सुमारास आगीत शिरणाऱ्या बंबवाल्यांसाठी जो रेस्पिरेटर सिद्ध केला त्यात ग्लिसरीनने ओला केलेला कापूस आणि लाकडी कोळसा यांचे थर होते. कापसाने धुराचे कण धरावे, कोळशाने वायू शोषावा, अशी ती योजना. पुढे १९१० च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने कहर मांडला तेव्हा मलायात जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या डॉ. वू लियन-तेह यांनी कापसाची घडी जाळीदार कापडाच्या पदरांत बसवून, तिला बांधता येतील असे बंद काढून, डॉक्टरांपासून प्रेते उचलणाऱ्या मजुरांपर्यंत सर्वांना ती बांधावयास लावली. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच वैद्याने तिची थट्टा केली, ती न बांधता रुग्ण तपासले, आणि काही दिवसांतच तो त्याच रोगाने दगावला. त्या साथीत साठ हजारांच्या आसपास माणसे मेली. मुखपट्टीचा पुरस्कार ज्यांना करावयाचा असतो ते ही हकिकत नेहमी सांगतात. वूंनी पट्टीच्या बंदांची आणि ती चेहऱ्यावर घट्ट बसण्याची जी काळजी घेतली, तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आजच्या एन-९५ मध्ये कापूस नाही. वितळलेले पॉलिप्रोपिलीन वाऱ्याच्या झोताने ताणून त्याच्या अतिसूक्ष्म तंतूंचा थर करतात आणि त्यावर स्थिर विद्युत्‌भार चढवतात. मोठे कण आपल्याच वेगाने तंतूंवर आपटतात, अत्यंत लहान कण भरकटत जाऊन चिकटतात. चकवा देतात ते मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे, आणि त्यांना पकडण्यास विद्युत्‌भाराचे मोठे साहाय्य होते. ह्याच आकाराच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडले पाहिजेत, ही त्या नावातील आकड्याची अट. करोनाच्या साथीत घरोघरी हे मास्क साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातले गेले. साबणाने तो भारच उतरतो, आणि मागे उरते ते स्वच्छ दिसणारे, पण निम्मे काम विसरलेले कापड. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने एन-९५ मास्कची किंमत प्रकाराप्रमाणे १९ ते ४९ रुपयांत बांधून दिली आणि नफेखोरीस आळा घातला. ते योग्यच झाले. मास्क चेहऱ्याला बसतो की नाही, याचा बंदोबस्त मात्र कोणत्याही हुकुमाने होण्यासारखा नव्हता.

खरी मेख येथे आहे. हवा नेहमी सोपी वाट शोधते. गाळणी जितकी दाट करावी तितका श्वासाला होणारा विरोध वाढतो, आणि पट्टीची कड गालाला किंवा नाकाच्या दांड्याला चिकटलेली नसेल तर हवा गाळणीतून न जाता कडेच्या फटीतून आत शिरते. म्हणजे अधिक जाड, अधिक महाग आणि अधिक प्रमाणित कापड आणून माणसाचे रक्षण पूर्वीपेक्षा कमी व्हावे, हे अगदी शक्य आहे. वासराचे मुसके बैलाला बसत नाही हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र अरुंद हनुवटीच्या बाईला आणि रुंद जबड्याच्या पुरुषाला एकाच मापाची पट्टी सरसकट वाटली जाते. कानांत अडकणारे बंद सोयीचे खरे, पण डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कडेला जो दाब देतात तो त्यांना देता येत नाही. दाढीची अडचण तर सर्वांत मोठी. केसांतून फट राहतेच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणारे शीख भाविक दाढी बांधण्यासाठी जो ठाठा वापरतात, त्याच्याच धर्तीवर हनुवटीखालून लवचीक पट्टी घेऊन तिच्यावर मास्क बसवण्याची युक्ती विलायतेतील शीख डॉक्टरांनी २०२० मध्ये काढली, हे मला त्या साऱ्या वर्षांतील अत्यंत बुद्धिमान सुधारणांपैकी एक वाटते, कारण तिने माणसाला बदलण्याऐवजी साधन बदलले.

सोसवणे हा दुसरा प्रश्न, आणि तो मुंबईच्या गिरण्यांत फार पूर्वी उपस्थित झाला होता. कापसाच्या धुळीने छाती आवळणारा बिसिनोसिस हा विकार सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला विशेष जाणवे. कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात त्याची नोंद झाली होती. परंतु सूत तुटू नये म्हणून जेथे हवा मुद्दाम दमट ठेवतात, तेथे आठ तास नाकावर पट्टी बांधून काम करा, असे सांगणे सोपे आणि करणे दुष्कर. अशा ठिकाणी धूळ यंत्रापाशीच ओढून घेणे हाच खरा उपाय, आणि मुखपट्टी ही त्याच्या मागे उभी राहणारी दुसरी फळी होय.

शेतात ती दुसरी फळीच पहिली होते, कारण विष ओढून घेणारे यंत्र उघड्या रानात कोठून आणणार? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, म्हणून फवारा वर धरावा लागे आणि औषध अंगावर परत येई. विष नाकातून गेले तितकेच कातडीतूनही गेले, तेव्हा केवळ मास्कने ते सर्व टळले असते असे म्हणता येणार नाही. पुढे संरक्षक साहित्याचे वाटप झाले. पण साथीत ओळखीचा झालेला एन-९५ येथे अपुरा आहे, ही गोष्ट रानापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. त्यातील ‘एन’चा अर्थच मुळी तेलकट तुषारांना न टिकणारा असा आहे, आणि कित्येक कीटकनाशके तेलकट द्रावकात मुरवलेली असतात, शिवाय कणांची गाळणी औषधाच्या वाफेला अडवीत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी लागते, म्हणजे टिंडलने दीडशे वर्षांपूर्वी योजलेली जोडगोळीच.

अशा डब्या बसणारा रबरी किंवा सिलिकोनचा अर्धमुखी रेस्पिरेटर मजबूत असतो, धुता येतो, वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्यात श्वास बाहेर सोडण्याची झडप असते. ही झडप रुग्णालयात गैरसोयीची ठरली, कारण तिच्यातून बाधित माणसाचा श्वास न गाळता बाहेर पडतो. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना झडपेच्या मास्कविषयी सावध केले ते याचसाठी. रानात एकट्याने फवारणाऱ्याच्या श्वासाने कोणाचे काही बिघडत नाही. उलट त्या झडपेमुळे आतली दमट, तापलेली हवा निघून जाते आणि पट्टी तासभर तोंडावर राहण्याची आशा निर्माण होते. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून फवारले तर ती आशा आणखी वाढते.

राहता राहिला मापाचा प्रश्न. रेस्पिरेटर चढवून डब्यांची तोंडे तळहातांनी झाकावी आणि हलकेच श्वास ओढावा. साधन चेहऱ्याकडे किंचित खेचले जाऊन तसेच राहिले तर ते बसले, कडेने हवा सळसळली तर दुसरे माप पाहावे. ह्या परीक्षेला अर्धा मिनिटही लागत नाही. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर औषधाच्या बाटल्यांच्या शेजारी तीन मापांचे नमुने आणि एक आरसा ठेवला, तर बाटलीचे पैसे मोजण्यापूर्वी ती तेथल्या तेथे करता येईल.