रात्री दीड वाजताची काशी

रोज रात्री दीडच्या सुमारास एक अमेरिकी हवामान-उपग्रह उत्तर भारतावरून जातो आणि वाराणसीचा उजेड टिपून घेतो. घाट, लंका, सिगरा, मदनपुरा, लोहता, सगळं त्यात येतं. ही नोंद २०१२पासून सलग आहे. त्याआधीचीही आहे, अमेरिकी लष्करी उपग्रहांनी घेतलेली, १९९२ ते २०१३ या काळातली. हे कॅमेरे बनवले ते रात्रीचे ढग दिसावेत म्हणून. खाली माणसं कशी जगतात याचा अभ्यास हा त्यांचा मूळ हेतू नव्हता.

आज या चित्रांना महत्त्व आलं आहे, कारण आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ची आहे. तेव्हा वाराणसी जिल्ह्यात ३६ लाख ७६ हजार माणसं होती. २०२१ची जनगणना झाली नाही. मधल्या काळात विश्वनाथ मंदिराचा कॉरिडॉर उभा राहिला, गल्लीतल्या पानवाल्याकडेही क्यूआर कोड आला. हे बदल मोजायचे तर संशोधकांनी काय करावं? ते दुसऱ्याच कामासाठी साठलेल्या नोंदींकडे वळले. त्यात उपग्रहचित्रं आहेत, मतदारयाद्या आहेत, डिजिटल पैशांचे व्यवहार आहेत, वाहनांची नोंदणी आहे.

मराठी माणसाला अशा नोंदी अनोळखी नाहीत. काशी, गया, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची गावं, नातीगोती, येण्याच्या तिथी पिढ्यान् पिढ्या उतरवल्या गेल्या. वही ठेवली ती यजमान आपलाच राहावा म्हणून. आज तिच्यातून स्थलांतराचा आणि घराण्यांचा इतिहास शोधता येतो. पण ज्याला काशीला जाणं परवडलं नाही, त्याचं नाव वहीत नाही. अशी कुठलीही नोंद हाती आली की मी आधी एवढंच विचारतो: ही कशासाठी ठेवली होती, आणि तिच्याबाहेर कोण राहिलं?

वाराणसी या प्रश्नासाठी फार योग्य शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिची लोकसंख्या पाच लाख ऐंशी हजारांच्या घरात सांगितली जाई. पुढे ब्राह्मी लिपीच्या वाचनामुळे प्रसिद्ध झालेले जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत होते. त्यांनी शहराचा नकाशा काढला आणि १८२८-२९च्या सुमारास खानेसुमारी केली. आकडा निघाला सुमारे एक लाख ऐंशी हजार. शहर तेच होतं, पण जुना आकडा तिपटीहून फुगलेला निघाला.

आता उजेडाकडे. मिशिगन विद्यापीठाचे ब्रायन मिन यांनी उपग्रहचित्रांवरून उत्तर प्रदेशातल्या सुमारे एक लाख गावांचा अभ्यास केला. बहुजन समाज पक्षाचे आमदार असलेल्या मतदारसंघांतल्या गावांत रात्री उजेड दिसण्याची शक्यता वाढलेली त्यांना आढळली. राज्यशास्त्रज्ञ मिरियम गोल्डन यांच्यासोबत त्यांनी राज्याच्या वीज-मंडळाच्या अनेक दशकांच्या नोंदीही तपासल्या. निवडणूक जवळ आली की बिलात न येणारी वीज वाढते, असं त्यांतून निघालं. वीज कुणाला मिळते यात राजकारण असतं हे गावोगावी सगळेच बोलतात. ते लाखभर गावांवर पडताळून पाहता आलं, ही या अभ्यासाची खरी कमाई आहे आणि मला ती मोठी वाटते.

पण हीच चित्रं विणकरांच्या मदनपुऱ्यावर लावून पाहा. नव्या उपग्रहाचा एक ठिपका साधारण पाऊण किलोमीटर लांबी-रुंदीचा असतो. बनारसच्या दोन हात रुंदीच्या कितीतरी गल्ल्या एका ठिपक्यात मावतात. शिवाय या कॅमेऱ्याला निळसर प्रकाश दिसत नाही. पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तर खाली रस्ता लख्ख होतो आणि वरून तोच भाग मंदावलेला दिसू शकतो. वाराणसीच्या रस्त्यांवर असे दिवे बसलेच आहेत. विणकरांच्या वस्तीत तर अर्थ लावणं आणखी अवघड. हातमाग मोडून त्या जागी यंत्रमाग आला तरी विजेचा वापर वाढतो. ती भरभराट म्हणायची की एका कारागिराचं हुनर संपल्याची खूण, हे उजेडाच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी लोहत्यात जाऊन मागावर बसलेल्या माणसाशी आणि त्याला काम देणाऱ्या गिरस्त्याशी बोलावं लागतं.

विजेच्या बाबतीत पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने जमिनीवरून मोजण्याचा मार्ग धरला. घरातल्या प्लगला जोडायचं छोटं यंत्र मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवतं आणि आकडे मध्यवर्ती संगणकाकडे पाठवतं. उत्तर प्रदेशासह अनेक राज्यांत ही यंत्रं बसली. संध्याकाळी सात वाजता दिवा होता का, हे त्यातून कळतं. दीड वाजताच्या उपग्रहाला ते कळणार नाही.

पैशांच्या व्यवहारांचंही असंच आहे. यूपीआय २०१६मध्ये सुरू झालं. फोनपे कंपनी आता आपल्या व्यवहारांचे आकडे जिल्हावार, दर तिमाहीला खुले करते. वाराणसीची चढती रेघ त्यात पाहता येते. पण ती एका कंपनीच्या ग्राहकांची रेघ आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के, स्त्रिया ३३ टक्के. बनारसी साडीमागे घरातल्या बाईचं काम असतं, धागा उकलणं, कांड्या भरणं. मजुरी मात्र साडीमागे, घरच्या पुरुषाच्या हाती येते. ती फोनवर आली तरी त्याच्याच खात्यात जाईल. त्या बाईचे तास कुठल्याच सर्व्हरवर नाहीत.

याची उलट बाजूही आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. काही माणसं या नोंदींत दिसत नाहीत; काही नको तितकी दिसतात. मतदारयादीतल्या नावांवरून मतदाराचा धर्म ओळखणारी संगणकीय पद्धत संशोधक राफाएल सुसेविंद यांनी उत्तर प्रदेशाच्या अभ्यासासाठी वापरली. सॅम अ‍ॅशर, पॉल नोवोसाद या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांची माहिती जुळवून दाखवलं की मुस्लिम आणि दलित वस्त्यांत सरकारी शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी कमी पोहोचल्या आहेत. हे समजणं गरजेचंच होतं. पण नावावरून धर्म ओळखणारं साधन दंगलखोराच्या हाती गेलं, तर घर शोधायला त्याला यादी पुरेल. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. म्हणून आकडे वस्तीच्या पातळीवर गोळा करूनच बाहेर द्यायचे, नाव-पत्ता कधीच नाही, हे बंधन संशोधकाने स्वतःवर आधी घालून घ्यावं.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. ती डिजिटल असेल आणि तीत जातींचीही मोजणी होणार आहे. सोळा वर्षांत उजेडावरून आणि फोनवरून बांधलेले सगळे अंदाज तेव्हा पहिल्यांदा घरोघरच्या मोजणीशी ताडून पाहता येतील. त्यासाठी मदनपुरा, बजरडीहा, लोहता या विणकर-वस्त्यांचे आकडे जिल्ह्याच्या सरासरीत मिसळून चालणार नाहीत. ते वॉर्डनिहाय, खुले आणि लवकर मिळायला हवेत.