लाडू-करंजीची भाषा

आमच्या घरात कोथिंबिरीची जुडी गुपचूप काढता येत नाही. फ्रीजचं दार उघडलं, पिशवी जराशी वाजली, की हॉलच्या कोपऱ्यातून "व्हीऽऽक! व्हीऽऽक!" अशी शिट्टी सुरू होते. लाडू आणि करंजी हे आमचे दोन गिनी पिग. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी ते रेडिंगच्या या घरात आले आणि त्यांच्याबरोबर एक नवी भाषाही घरात आली.

गिनी पिग मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्यांना माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. (लेकीला हे अजून सांगितलेलं नाही!) पेरूमध्ये त्यांना 'कुय' म्हणतात आणि हे नाव त्यांच्या आवाजावरूनच पडलं असं मानतात. हा कळपात राहणारा, बोलघेवडा प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटाच गिनी पिग पाळायला कायद्याने मनाई आहे.

कोथिंबिरीसाठीची ती शिट्टी बहुतेक माणसांसाठीच राखीव असते. आपापसात ते वेगळं बोलतात. पिंजऱ्याबाहेर सोडलं की दोघं "चुट-चुट-चुट" असं पुटपुटत फिरतात. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. करंजीभोवती लाडू कंबर हलवत, घशातून खोल घुर्र करत डौलात चालायला लागला, की ती प्रेमाची आळवणी समजावी. करंजी बहुधा पाठ फिरवते.

खरी गल्लत होते ती गुरगुरण्यात. मांडीवर अंग सैल सोडून, हलक्या खालच्या सुरात गुरगुरणं म्हणजे समाधान. पण सूर चढा असेल आणि अंग ताठ झालं असेल, तर "आता पुरे, खाली ठेव" असं ते सांगत असतात. मी चटणीसाठी मिक्सर लावला की दोघं जागच्या जागी थिजतात आणि एक तुटक "डुर्र" ऐकू येतं. ती भीती. दात कडकडा वाजवले तर तो सरळ राग, तेव्हा हात दूर ठेवावा. आणि कर्कश किंचाळी आली तर हातातलं काम टाकून धावावं. वेदना किंवा जबर भीती असते.

हे सगळं आम्ही पाठ केलं होतं. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिकवली ती आईने.

गेल्या वर्षी आई सांगलीहून आली. "उंदीर काय पाळलेत गं!" असं पहिल्या दिवशी म्हणाली आणि आठवड्याभरात निवडलेल्या कोथिंबिरीचे देठ त्यांच्यासाठी बाजूला ठेवायला लागली. एका सकाळी पोह्यांसाठी कोथिंबीर चिरताना ती एकदम थांबली.

"अगं, आज एकटा लाडूच ओरडतोय. करंजी का गप्प?"

"झोपली असेल," मी म्हटलं.

"आमच्या गोठ्यात म्हैस रवंथ करायची थांबली, की माझी आई हातातलं पीठ तसंच ठेवून उठायची. बघ तू तिला."

करंजीला उचललं, तर हनुवटी ओली आणि वाटीतलं सगळं तसंच. तासाभरात आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरकडे होतो. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढतात. करंजीच्या दाढा वाढून तिला चावता येत नव्हतं. हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. अर्धा-एक दिवस पोटात काही गेलं नाही, तर आतडी मंदावतात आणि जिवावर बेततं. दाढा कापून घेतल्यावर चार दिवस आम्ही तिला दर काही तासांनी सिरिंजने भरवलं. रात्रीची पाळी आईची. पाचव्या दिवशी पिशवी वाजली आणि दोन शिट्ट्या आल्या. आईने डोळ्यांना पदर लावला.

आई परत गेली. दर रविवारच्या फोनवर तिचं ठरलेलं असतं, "मी बरी आहे. करंजी खाते ना?" गेल्या महिन्यात तिने करंजीची चौकशीच केली नाही. मी फोन ठेवला आणि लगेच भावाला घरी पाठवलं. तीन दिवस ताप अंगावर काढत होती.

आता ती ठणठणीत आहे. इथे दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची बॉनफायर नाइट मागेपुढेच येतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे फटाक्यांचे. तिची सूचना आलेलीच आहे: "दोघांना आतल्या खोलीत ठेवा. लपायला भरपूर गवत द्या, पिंजऱ्यावर अर्धी चादर टाका, रेडिओ हळू लावून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोथिंबीर काढलीस, की शिट्ट्या मोज."

मी मोजते.