शेकरू दिसेल का?

मुलांनो, सहलीची गाडी घाट चढू लागली की तुम्ही सगळे खिडकीशी गर्दी करता. "वाघ दिसेल का? बिबट्या दिसेल का?" असे प्रश्न सुरू होतात. बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला चार माकडे दिसतात आणि तुमची निराशा होते. मग डोंगरात दुसरे प्राणी नसतात का? असतात. पण त्यांना पाहण्याची एक रीत आहे. ती आपण एका प्राण्याच्या उदाहरणाने समजून घेऊ.

पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या डोंगरात भीमाशंकर हे ठिकाण आहे. भीमा नदी येथेच उगम पावते. येथील सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. या जंगलात शेकरू राहते. उर्दूत आपण जिला गिलहरी म्हणतो, तिला मराठीत खार म्हणतात. शेकरू ही एक मोठी खारच आहे. शेपटी धरून तिची लांबी जवळजवळ एक मीटर भरते. पाठ तांबूस, पोट फिकट आणि शेपूट झुबकेदार असते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

शेकरू उंच झाडांवर राहते. ते सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ते सहा मीटरपर्यंत उडी मारते. बारीक फांद्यांवर काटक्या व पाने रचून ते गोल घरटे बांधते. जड शत्रू तेथे पोहोचू शकत नाही. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. म्हणून आधी घरटी शोधा. शेकरू जवळपास असण्याची ती खूण आहे.

शेकरू सकाळी आणि संध्याकाळी हिंडते, दुपारी विसावा घेते. धोका वाटला की ते फांदीला चिकटून निश्चल बसते. एकदा मी मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. मुले मोठमोठ्याने हाका मारत पुढे गेली. त्यांना फक्त पाने दिसली. चप्पल तुटल्यामुळे एक मुलगा मागे राहिला होता. तो झाडाखाली गुपचूप बसला. थोड्या वेळाने वरून फळाची साल खाली पडली. त्याने वर पाहिले, तर शेकरू दोन्ही हातांत फळ धरून खात होते! उर्दूतील 'सब्र' मराठीत 'सबुरी' होतो. जंगलात तीच उपयोगी पडते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतात, तोच शेकराचा रस्ता. मधली झाडे तोडली की तो रस्ता तुटतो. मग त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तेथे कुत्री त्याला पकडू शकतात. तसेच, गाडीतून माकडांना खाऊ फेकू नका. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

पुढच्या सहलीला घाटात गाडी थांबली, तर पाच मिनिटे शांत उभे राहा. वर पाहा, कान द्या. कदाचित काहीच दिसणार नाही. तरी नाराज होऊ नका. तुम्हाला शेकरू दिसले नाही, तरी शेकराने तुम्हाला नक्कीच पाहिले असेल.